स्वस्त देश कुठला ते नंतर, आधी किती दिवस जाताय ते सांगा

"बजेट कमी आहे, परदेशात कुठे जाऊ?" असं कुणी विचारलं की समोरच्याला एका शब्दाचं उत्तर हवं असतं. व्हिएतनाम म्हणा, जॉर्जिया म्हणा, माणूस खूश. इंटरनेटवरच्या टॉप टेन स्वस्त देशांच्या याद्याही तशाच, त्यात रोजचा खर्च अगदी कौतुकाने दिलेला असतो, हॉस्टेलचा बेड इतक्याला, बसचं तिकीट तितक्याला, आणि विमानाचं भाडं मात्र कुठेच नाही, जणू माणूस तिकडे आपोआप उगवणार आहे. त्यामुळे मी हल्ली देशाचं नाव सांगतच नाही, उलट विचारते की किती दिवस जाताय? कारण खरं सगळं गणित तिथेच अडकलेलं असतं.

म्हणजे बघा, प्रवासाचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक जो तुम्ही दोन दिवस राहा नाहीतर महिनाभर राहा, तेवढाच लागतो: विमान, व्हिसा, विमानतळावरून शहरात जायचं-यायचं, लस वगैरे लागत असेल तर ती. दुसरा जो रोज वाढत जातो, राहणं, खाणं, फिरणं. आता समजा जवळच्या एका देशाचा पहिला खर्च १० आहे आणि रोजचा ४. लांबच्या देशाचा पहिला खर्च ३० पण रोजचा फक्त २. यादीवाले सांगणार लांबचा देश स्वस्त, निम्म्यात होतो! पण पाच दिवसांसाठी जवळचा ३० मध्ये होतोय आणि लांबचा ४० मध्ये. दहाव्या दिवशी दोघं बरोबरीत, ५० ला ५०. वीस दिवस राहिलात तर मात्र जवळचा ९० आणि लांबचा ७०. देश तेच, आकडे तेच, फक्त दिवस बदलले आणि स्वस्त-महाग उलटं झालं. ज्यांना आठवड्याचीच सुट्टी मिळते त्यांनी नकाशावर लांब बघूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ज्यांच्याकडे महिना आहे त्यांनी तिकिटाच्या आकड्याला घाबरून जवळच्या महागड्या शहरात पैसे घालवू नयेत.

तिकीट शोधताना एक गोष्ट मला फार कामाची वाटते, ती म्हणजे ठिकाण न टाकता शोधणं. स्कायस्कॅनरवर 'कुठेही' असा पर्याय आहे, गूगल फ्लाइट्सवर नकाशा उघडतो, तारखा थोड्या सैल ठेवल्या की कुठे किती भाडं आहे ते एका नजरेत दिसतं, आणि मग देश निवडायचा. बहुतेक लोक उलटं करतात, आधी देश ठरवतात, त्यावर मन बसतं आणि मग जे भाडं असेल ते भरतात. अर्थात स्वस्त दिसणाऱ्या भाड्यातही गंमत असते. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ आहे तो फ्रँकफर्टपासून साधारण १२० किलोमीटर लांब आहे, पॅरिसच्या नावाने खपणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ८५ किलोमीटर, तिथून शहरात यायला बसचं भाडं वेगळं आणि अर्धा दिवस वेगळा. शिवाय बजेट एअरलाइन्सच्या भाड्यात बहुतेक वेळा फक्त सीटखाली मावेल एवढी बॅग धरलेली असते, मोठी बॅग घेतली की भाडं एकदम नेहमीच्या एअरलाइनच्या शेजारी जाऊन बसतं.

आणि दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्तात जायचं ठरवलंत तर मधल्या देशाचा व्हिसा लागतो का ते आधी बघा. सामान घेऊन बाहेर पडून परत चेक-इन करायचं असेल तर तुम्ही त्या देशात शिरताय. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं, म्हणजे ज्यांना व्हिसा लागतो त्यांना तो तेवढ्यासाठीही लागतोच.

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर. हा पासपोर्टप्रमाणे इतका बदलतो की दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबून काही उपयोग नाही, त्या देशाच्या सरकारी साइटवरच बघायचं. पण दोन-तीन गोष्टी बजेटवाल्यांनी डोक्यात ठेवाव्यात. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांच्या लोकांना मिळतो, ९० दिवसांपर्यंत, एकदा प्रवेशासाठी फी २५ डॉलर. शेंगेनची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एका व्हिसाची, फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, वर कागदपत्रं, विमा, अपॉइंटमेंट. एवढा खटाटोप करून चार दिवस जाणं म्हणजे वाया घालवणंच आहे. पण १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया आणि बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये आलेत हे कितीतरी जणांच्या लक्षातच आलेलं नाही. त्याच व्हिसावर तुम्ही पॅरिसमध्ये तीन दिवस आणि बाकीचे दहा दिवस बल्गेरियातलं सोफिया, प्लोव्हदिव्ह, रोमानियातलं ब्रासोव्ह, सिबियू असं करू शकता आणि रोजच्या खर्चाची सरासरी धाडकन खाली येते. फक्त अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, हे विसरू नका.

आता माझा आवडता मुद्दा. देश स्वस्त असतो, पण तुम्ही ज्यासाठी जाताय ती गोष्ट स्वस्त असेलच असं नाही. कंबोडियात राहणं-खाणं खरंच कमी पैशात होतं, पण तिथे जाणारे नव्वद टक्के लोक अंगकोरच्या जुन्या मंदिरांसाठीच जातात (आकडा माझा, मोजलेला नाही) आणि अंगकोरचा पास एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२. त्या तीन दिवसांत राहण्यापेक्षा पासवर जास्त पैसे जाऊ शकतात. रवांडात गोरिला बघायचे तर एका माणसाचं परमिट १५०० डॉलर. गालापागोसला परदेशी पर्यटकाची प्रवेश फी ऑगस्ट २०२४ मध्ये १०० वरून २०० डॉलर झाली, आणि हे इक्वाडोरसारख्या तशा परवडणाऱ्या देशात. भूतानमध्ये बहुतेक परदेशी पाहुण्यांना रात्रीमागे १०० डॉलर सरकारी शुल्क आहे, हॉटेल-गाडी त्यावर वेगळं. जॉर्डनमध्ये मुक्कामी पर्यटकांना पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन शहराचं एका दिवसाचं तिकीटच ५० दिनार, आणि जॉर्डनचा दिनार डॉलरपेक्षा बराच जड आहे बरं का. पण तिथे एक सोय आहे, जॉर्डन पास. ७० दिनारपासून मिळतो, त्यात पेट्रा येतं, इतर बरीच ठिकाणं येतात आणि किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाची फीही माफ होते. मात्र तो निघायच्या आधी ऑनलाइन घ्यायचा. अशा सोयी शोधायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात जेवढे पैसे वाचतात तेवढे हॉस्टेलमध्ये सर्वात गैरसोयीचा बेड घेऊनही वाचत नाहीत.

म्हणून मी देश शोधताना सगळ्यात आधी एक प्रश्न विचारते, तिथे गेल्यावर मी दिवसभर काय करणार आहे? नुसतं शहरात भटकायचं, बाजार, डोंगर, समुद्र, तर स्वस्त देश खरोखर स्वस्त पडतो. जॉर्जिया यासाठी फार चांगला. तिबिलिसीतून मार्शरुत्का नावाच्या मिनीबस निघतात, साधारण तीन तासांत डोंगरातल्या काझबेगी गावाला सोडतात, तिथून चालत वर गेर्गेतीच्या चर्चला जायचं, तिकीट-परमिट काही नाही. तेच तुम्हाला डायव्हिंग, सफारी, बलून वगैरे करायचं असेल तर देशाच्या स्वस्ताईचा फारसा संबंध उरत नाही.

आणि याची दुसरी बाजू पण आहे, महाग म्हणून आपण जे देश सोडून देतो त्यांच्यातही वाट सापडते. मालदीव म्हटलं की पाण्यावरचं रिसॉर्ट आणि न परवडणारा आकडा डोळ्यासमोर येतो, पण साधारण २००९ पासून तिथे लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस चालवायला परवानगी मिळाली आणि चित्रच बदललं. माफुशीसारख्या बेटावर साध्या खोलीत राहायचं, राजधानी मालेहून फेरी बोटीने जायचं, समुद्र तोच असतो. (लोकवस्तीच्या बेटांवर दारू चालत नाही आणि बिकिनीसाठी ठराविक किनारा असतो, ते खटकत असेल तर जाऊ नका, तिथल्या लोकांना उपदेश करायला तर मुळीच जाऊ नका.) लंडनमध्ये राहणं महाग, पण ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न यांचे कायमचे संग्रह फुकट. वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनची म्युझियम्स फुकट. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून देशभर बस, ट्राम, ट्रेनचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पर्यटकांनाही. आठवडाभर तिथे राहा असं मी म्हणत नाहीये, पण लांबच्या सफरीत असे दोन-तीन दिवस घुसवता येतात.

सीझनबद्दल सगळे सांगतात की ऑफ सीझनला जा, पण कुठे ऑफ सीझन ते कोणी सांगत नाही. एकाच देशात दोन हवामानं असतात. थायलंडमध्ये फुकेतच्या बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि कोह सामुईला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर वाईट. मलेशियाची पेरहेंतियन बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ बंदच असतात, तेव्हा पश्चिमेकडच्या लंकावीत मस्त ऊन. व्हिएतनाममध्ये होई आन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाण्याखाली जाऊ शकतं, अक्षरशः रस्त्यावर होड्या. त्यामुळे हॉटेल अचानक निम्म्या किमतीत दिसलं तर आनंद करायच्या आधी त्या महिन्याचं पाऊसमान बघा. मला विचाराल तर सीझन संपतानाचे नाहीतर सुरू होतानाचे दोन-तीन आठवडे पकडावेत. आणि सणांच्या तारखा बघा, थायलंडचं सोंगक्रान एप्रिलच्या मध्यात, जपानचा गोल्डन वीक एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला, भाडी आभाळाला भिडतात. बालीत न्येपीच्या, म्हणजे तिथल्या मौन पाळायच्या सणाच्या, दिवशी तर विमानतळच २४ तास बंद असतो.

चलन पडलं की देश स्वस्त होतो हा एक समज आहे, तो अर्धाच खरा. मार्च २०२४ मध्ये इजिप्तचा पौंड डॉलरला ३१ वरून एकदम ५० च्या आसपास गेला, तेव्हा बाहेरून जाणाऱ्यांना तिथला रोजचा खर्च खरंच हलका झाला. पण तुर्कस्तानचं बघा, लिरा घसरत राहिला तशी महागाईही उसळली, २०२२ मध्ये तर ८० टक्क्यांच्या वर गेली, आणि पर्यटकांसाठीची मोठी तिकिटं युरोत लागली, इस्तंबूलच्या आया सोफिया मशिदीचं परदेशी पर्यटकांना २५ युरो. अर्जेंटिना २०२३ मध्ये डॉलरवाल्यांना मातीमोल वाटत होतं, पुढच्या दोन वर्षांत तेच महाग झालं. म्हणून तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून बजेट करू नका, गेल्या तीन-चार महिन्यांत जाऊन आलेल्याचं लिखाण शोधा. चलनाचं अजून एक, कार्ड मशीनवर 'तुमच्या चलनात देणार की इथल्या?' असं विचारतात, तेव्हा नेहमी इथल्या. तुमच्या चलनात म्हटलं की रेट ते ठरवतात आणि तो वाईटच असतो.

फिरण्याचा खर्च हा रोजच्या खर्चातला सगळ्यात फसवा भाग, कारण तो शहरं बदलण्यावर अवलंबून असतो. दहा दिवसांत सहा शहरं केलीत तर कुठलाही देश महाग. त्यापेक्षा जिथे ट्रेन चांगली आहे तिथे जा. उझबेकिस्तानात ताश्कंदहून समरकंद अफ्रोसियोब या वेगवान ट्रेनने दोन तासांच्या थोडं वर, फक्त तिकिटं लवकर संपतात. लाओसमध्ये डिसेंबर २०२१ ला नवी रेल्वे सुरू झाली आणि व्हिएंतियान ते लुआंग प्रबांग हा बसचा अख्ख्या दिवसाचा प्रवास दोनेक तासांवर आला. वाचलेला दिवस म्हणजे वाचलेली एक रात्र, ती पण मोजा. विम्यावर मात्र काटछाट नको, त्याबद्दल मी वाद घालणार नाही.

सध्या माझ्या टॅबमध्ये बोस्नियातली साराजेव्हो ते मोस्तार ट्रेन उघडी आहे, दोनेक तासांची, नेरेत्वा नदीच्या कडेने जाते, तिथून पुढे बसने मोंटेनेग्रो आणि अल्बानिया असा बेत आहे. हे तिन्ही देश शेंगेनच्या बाहेर आहेत, त्यामुळे प्रत्येकाचा नियम वेगळा बघावा लागतोय, कुठे दुसऱ्या देशाचा वैध व्हिसा असला तर चालतो, कुठे तो आधी वापरलेला असावा लागतो. सुट्टी दोन आठवड्यांची मिळाली तर जाणार, एकच मिळाली तर हा टॅब बंद करून जवळचं काहीतरी बघणार.