अर्धं प्रदर्शन पाण्यात

कोल्हापूरला चित्रकार आबालाल रहिमान बघायला जायचं, तर एक दिवस पुरतो. सकाळी टाउन हॉलचं संग्रहालय, दुपारी कोटितीर्थ तळं, संध्याकाळी रंकाळा तलाव. मी हाच क्रम सुचवेन, कारण भिंतीवरचं चित्र आधी डोळ्यांत बसलेलं बरं.

टाउन हॉल सीपीआर रुग्णालयासमोर आहे. १८७२ ते १८७६ मधलं गॉथिक धाटणीचं बांधकाम. ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला कांस्य पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, बघून घ्यावा आणि वेळ आबालालांसाठी राखावा.

जलरंग बघण्याचंही तंत्र आहे. उन्हातून आल्यावर पाच-दहा मिनिटं डोळे निवू द्यावेत. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सच, म्हणजे अगदी मंद, प्रकाश देतात. तो अंधार कंजुषीचा नसतो. पांढरा सदरा घालून गेलात तर काचेत चित्राऐवजी सदराच दिसणार. गडद कपडे घालावेत आणि थोडं तिरकं उभं राहावं.

मग उजेड कुठून येतोय ते शोधावं. पारदर्शक जलरंगात पांढरा लावत नाहीत, कोरा कागद राखतात. कागद पिवळला की पाण्यावरची चमकही मळते. त्याहून वाईट म्हणजे जुने किरमिजी रंग उजेडानं आधी उडतात, निळे बहुधा टिकून राहतात. त्यामुळे जुन्या जलरंगातली सांजवेळ आज ढगाळ दुपार वाटू शकते. 'फिके रंग वापरायचे' असा शेरा मारण्याआधी चौकटीखाली झाकलेली कड दिसते का बघावं. मूळ रंग तिथेच उरतो.

मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. म्हणून शाहू मिलशेजारच्या त्या तळ्यावर जायचंच. 'गाळ काढला तर सापडतील' हे वाक्य तिथे कुणीतरी टाकतंच, आणि मला ते ऐकवत नाही. जलरंगाला धरून ठेवतो तो डिंक, आणि डिंक पाण्यात विरघळतो. रंग लगेच सुटू लागतो, कागदाचा लगदा मागाहून होतो. तैलरंगाचा थर विरघळत नाही. पण त्याखालचं सरसाचं अस्तर फुगतं, कापड आकसतं आणि रंगाच्या खपल्या सुटतात. तळाशी चित्र उरत नाही, फार तर खपल्या. आबालाल स्वतः १९३१ मध्ये गेले, म्हणजे गोष्ट खरी असेल तर पुढची नऊ वर्षं त्यांनी त्या मोकळ्या जागेसह काढली.

रंकाळ्यावर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचावं, पूर्वेच्या काठावर. भेळेच्या गाड्यांची गर्दी मागे टाकून तलावातली दगडी वास्तू, संध्यामठ, दिसेल अशी जागा धरावी. सूर्य बुडल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाण्यावर गुलाबी चढतो, मग निळा उरतो. सकाळच्या चित्रांत उडून गेलेला रंग कोणता असेल, त्याचा अंदाज त्या दहा मिनिटांत येतो.