येणे सदतीस हजार

बेळगावच्या वडगावातले एक यंत्रमागवाले माझे जुने क्लायंट. त्यांचा मुलगा 22 ऑगस्ट 2025 ला, श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी, ऑफिसचं शटर पुरतं वर जायच्या आत दारात येऊन उभा. अंगावर ओला रेनकोट आणि पोटाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही. मी म्हटलं, रिटर्नला 15 सप्टेंबरपर्यंत मुदत वाढलीय, घाई कसली? तर म्हणतो, "बाबांचं नव्हे काका, माझं. आणि बाबांना बोलू नका."

आमच्या धंद्यात हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर येतं. मागे बहुतेक वेळा शेअर बाजारातले ऑप्शन्स असतात, क्वचित लग्नाच्या आधी घेतलेलं कर्ज. याचं निघालं ऑनलाइन पोकर.

मला पत्त्यांत गती नाही. गणपतीत मांडवात रात्र काढायची म्हणून रमीचे चार डाव खेळतो तेवढेच. आणि पोकरबद्दल माझं मत बरं नव्हतं, अजूनही फारसं बरं नाही. पण त्यानं वही उघडली आणि मी चष्मा पुसून घेतला. सव्वीस वर्षं मी या शहरात लोकांचे हिशेब लिहितोय. लाखोंची उलाढाल करणारे दुकानदार मार्चअखेरीला बिलांची पिशवी टेबलावर उपडी करतात आणि "बघा की काय ते" म्हणून चहा मागतात. आणि या पोरानं रोजची शिल्लक लिहिलेली, तारखेवार, एक दिवस न चुकता. डाव किती, टेबल कुठलं, बसताना किती, उठताना किती. शेवटच्या रकान्यात एकच आकडा: शिल्लक भागिले बाय-इन.

तो रकाना मला समजेना, म्हणून त्यानं मला शिकवलं. टेबलाची पायरी दोन आकड्यांत सांगतात, 5/10, 10/20 अशी. दोन खेळाडूंना पत्ते बघायच्या आधीच जी सक्तीची रक्कम लावावी लागते, ती. तिला ब्लाइंड म्हणतात. मोठ्या आकड्याच्या शंभरपट घेऊन बसायचं, तो एक बाय-इन. म्हणजे 5/10 वर ₹1,000, 25/50 वर ₹5,000. त्याचा नियम असा की जवळ चाळीस बाय-इन झाल्याशिवाय वरच्या पायरीवर जायचं नाही, आणि तीसच्या खाली गेलं की त्याच दिवशी मुकाट्यानं उतरायचं. क्रिस फर्ग्युसन नावाचा एक अमेरिकन खेळाडू होता, त्यानं शून्यापासून दहा हजार डॉलर केले. त्याचा नियम एका बैठकीला पाच टक्क्यांहून जास्त न लावण्याचा. म्हणजे वीस बाय-इन. हा पोरगा त्याच्याहूनही भित्रा.

"चाळीस कशाला? चांगला खेळतोस तर दहा पुरतील की," मी उगाच डिवचलं.

"काका, चांगला खेळणाराच हरतोय यात, थोडे दिवस." त्यानं माझाच कॅल्क्युलेटर ओढला. शंभर डावांत चांगला खेळाडू सरासरी पाच मोठे ब्लाइंड कमावतो, पण चढउतार नव्वदच्या आसपास. आठ हजार डाव खेळलं की कमाई चारशे ब्लाइंडची अपेक्षित, आणि नशिबाचा हेलकावा आठशेचा. म्हणजे नीट खेळूनही चार बाय-इन तोट्यात राहिलास तर त्यात नवल काही नाही. वर प्रत्येक डावातून साइट आपला रेक, म्हणजे कमिशन, कापून घेणार, तो वेगळाच. मला तंबाखूचे व्यापारी आठवले. भाव आपल्या बाजूला येईपर्यंत तग धरेल एवढं भांडवल ज्याच्याकडे असतं तो टिकतो, मालाची पारख नंतर.

वहीतली सुरुवात एप्रिल 2024 मध्ये, ₹20,000 टाकून 2/5 वर. चाळीस हजारांवर 5/10, ऐंशीवर 10/20. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो घरून करतो, पगार महिना ₹70,000, त्यातला रुपया यात घातला नाही आणि यातला रुपया घरात आणला नाही. मध्ये एकदा उतरलाही होता, नोव्हेंबरात, तीन आठवडे. तेही लिहिलेलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोन लाख ओलांडले आणि साहेब 25/50 वर.

31 मार्च 2025: शिल्लक ₹2,05,000.

आणि त्याच्याखाली, दुसऱ्या शाईनं, तीन ओळी. टीडीएस ₹55,500. शिल्लक ₹1,49,500. येणे ₹37,000.

मी तिथंच थांबलो. "हे येणे कुणाकडून?"

"इन्कम टॅक्सकडून. त्यासाठीच आलोय. माझा स्लॅब दहा टक्क्यांचा, त्यांनी कापले तीस. वीस टक्के परत येतंय की."

तर्क बिनतोड वाटावा असाच. पगाराला, व्याजाला तो लागूही पडतो. पण ऑनलाइन खेळातल्या जिंकलेल्या पैशाला स्लॅबच नाही. तेव्हाचं कलम 115 बीबीजे, सरसकट तीस टक्के. खर्च वजा नाही. तेव्हाच्या 194 बीए खाली साइट पैसे काढताना कर कापायची, आणि नाही काढले तरी वर्षअखेरीला खात्यातल्या शिलकीतल्या नफ्यावर कापायची. याचा नफा ₹1,85,000, त्याचे तीस टक्के बरोबर ₹55,500. रिफंड तर सोडाच, टीडीएसमध्ये सेस, म्हणजे करावरचा उपकर, धरलेला नसतो, तो कराच्या चार टक्के अजून भरायचा. म्हणजे वर ₹2,220 देणे.

तो काही बोलला नाही. वहीकडे बघत राहिला. मग त्यानं पेन्सिल काढली, आणि मला वाटलं होतं की सदतीस हजारांवर काट मारेल. त्यानं ते सोडून 31 मार्चच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं लिहिलेलं होतं: 37.3.

एक लाख शहाऐंशी हजार पाचशे भागिले पाच हजार. येणे धरून. खरं गणित 29.9 होतं.

पाचशे रुपयांसाठी तो तीसच्या खाली होता. त्याच्याच नियमानं 1 एप्रिलला 10/20 वर उतरायला हवं होतं. पण वही 37 दाखवत होती, म्हणून हा 25/50 वर बसून राहिला. मेच्या विसाव्या तारखेला वहीतली शिल्लक दीड लाखावर आली तेव्हा उतरला. खात्यात त्या दिवशी ₹1,13,000 होते, बावीस बाय-इन.

खरं सांगू, मला त्याच्या चुकीपेक्षा त्याची पद्धत ओळखीची वाटली. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी गल्ल्यात असतो तोवर तो आपलाच वाटतो, त्यावर माल भरला जातो, आणि वीस तारखेला फोन येतो, "साहेब, भरायला नाहीत." याचं उलटं. गेलेला पैसा कागदावर जिवंत ठेवला. हरलेला असता तर लगेच उतरला असता, नोव्हेंबरात उतरला होताच. पण हे हरणं नव्हतं ना, कुणीतरी कापून नेलेलं होतं.

मी म्हटलं, तेव्हाच उतरला असतास तर 1 एप्रिलपासून हरलेले ते साडेछत्तीस हजार पंधरा हजारांवर निभावले असते.

"तेच पत्ते आले असते असं नाही काका," तो म्हणाला. बरोबर होतं. मी गप्प बसलो.

मग त्यानं खरी घाई सांगितली. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचं विधेयक बुधवारी लोकसभेत, गुरुवारी राज्यसभेत पास झालं होतं. राष्ट्रपतींची सही हा आला त्याच शुक्रवारी झाली. साइटनं टेबलं बंद केली होती, पैसे काढायला मुभा होती. खात्यात ₹1,21,000. "काढले तर परत तीस टक्के जातील म्हणून रात्रभर झोप नाही. आणि नाही काढले तर..."

याला बंदी नवी नव्हती. ऑक्टोबर 2021 मध्ये कर्नाटकानं बंदी आणली तेव्हा हा रविवारी गाडी काढून शिनोळीला जायचा. हद्द ओलांडली, महाराष्ट्र लागला, की ॲप चालू. चहाच्या टपरीवर दोन तास बसायचा. फेब्रुवारी 2022 मध्ये हायकोर्टानं ती बंदी रद्द केली आणि पेट्रोल वाचलं. या वेळी मात्र शिनोळीलाही जाऊन उपयोग नव्हता.

मी कागद ओढला. 1 एप्रिलची सुरुवातीची शिल्लक ₹1,49,500, तिच्यावर कर कापून झालाय. आज काढणार ₹1,21,000. काढलेल्यातून सुरुवातीची शिल्लक वजा केली तर यंदा नफा उरतच नाही, मग टीडीएस कशावर? "काढ. सगळे काढ. आत्ता, माझ्यासमोर."

"आणि साडेअठ्ठावीस हजारांचा तोटा? तो मागच्या वर्षीच्या नफ्यातून..."

"नाही. पुढच्या वर्षातही नाही, पगारातूनही नाही. तो तुझाच."

त्यानं मोबाइलवर रक्कम टाकली. बोट दोनदा अडखळलं. "विनंती स्वीकारली" असा संदेश आला तेव्हा त्यानं फोन उपडा ठेवला आणि पुन्हा वही घेतली. बाहेर गल्लीत मांडवाचे बांबू उतरवत होते, त्या खडखडाटात तो 1 एप्रिलपासून एकेक ओळ खोडून खरी शिल्लक लिहीत होता. टेबलं बंद झालेली, खेळ संपलेला, तरी. निपाणीचे एक व्यापारी बाहेरून दोनदा डोकावून गेले. मी त्यांना हातानंच थांबायला सांगितलं.

तासाभरानं त्यानं मान वर केली. "काका, ते दोन हजार दोनशे वीस आजच भरू काय?"

मी चलन काढलं. पैसे गेल्यावर त्यानं तारीख घातली आणि देणेच्या रकान्यात आकडा लिहून समोर "दिले" केलं. मग बाय-इनच्या रकान्यात काय लिहावं म्हणून पेन्सिल तशीच धरून बसला.