माळ राहू दे अजून

६ जानेवारी, रात्र

आज सुट्टी होती म्हणून नाताळचं झाड आवरायला घेतलं. आधी गोळे, मग घंटा, शेवटी टोकावरची चांदणी. एका लाल गोळ्याच्या पत्र्याच्या टोपीत जरीचा धागा अडकलेला निघाला. जरीचं काही यंदा लावलंच नव्हतं, म्हणजे हा मागच्या कुठल्या तरी नाताळातला. काढून टाकवेना. तसाच ठेवून गोळा कागदात गुंडाळला.

बाळ येशूच्या जन्माच्या देखाव्यापाशी, गव्हाणीपाशी, मात्र हात थांबला. आमच्या घरी मागी लोक, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांच्या मूर्ती, २५ डिसेंबरला दूर कपाटाच्या टोकाला उभ्या असतात आणि रोज वीतभर पुढे सरकवतो. आज, त्यांच्या सणाच्या दिवशी, ते बाळाजवळ पोचले. इतक्या लांबून आलेल्यांना आल्या पावली पेटीत घालायचं जिवावर आलं. गव्हाण उद्यावर टाकली.

मग खिडकीतली दिव्यांची माळ. स्टुलावर चढले, एक गाठ सोडली आणि पुन्हा बांधून टाकली.

यंदा माझा नाताळ वॉर्डातच गेला. २४ला रात्रपाळी, २५ला दिवसभर झोप, संध्याकाळी पुन्हा ड्यूटी. ३१लाही तेच. तक्रार नाही, त्या रात्री कुणीतरी तिथे असायलाच हवं. पण मग माझ्या वाट्याला काय आलं? २६ तारखेनंतरचे दिवस. पाहुणे गेलेले, घर शांत, आणि ही माळ. माझा सण तिच्या उजेडातच झाला.

२६ला सगळं उतरवून मोकळी होणारी घरं दिसली की मला मनापासून वाईट वाटतं. डिसेंबरभर आपण साजरा करतो तो खरा आगमनकाळ, वाट पाहण्याचा. नाताळ २५ला सुरू होतो आणि बारा दिवस चालतो. काही घरांत तर सजावट २ फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. जन्मापासून तो चाळिसावा दिवस, बाळाला मंदिरात नेल्याचा. तिथे म्हाताऱ्या शिमोनाने त्याला हातांत घेतलं आणि त्याला साऱ्या राष्ट्रांसाठी उजेड म्हटलं. म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात. आयुष्यभर वाट पाहिलेला म्हातारा आणि त्याच्या हातांत एवढंसं बाळ, हे चित्र मला गव्हाणीइतकंच प्रिय आहे. वॉर्डात असे हात रोज पाहते, म्हणूनही असेल.

शिवाय अंधार कुठे सरलाय? सगळ्यांत मोठी रात्र २१-२२ डिसेंबरला होऊन जाते, दिवस मोठा होऊ लागतो. पण ती भर पडते संध्याकाळच्या बाजूला. आपल्या उत्तर गोलार्धात सकाळ त्यानंतरही काही दिवस उशिराउशिरानेच उजाडत राहते. पृथ्वीचा कललेला आस आणि तिची लंबवर्तुळाकार वाट, दोन्हींमुळे. हे पुस्तकात कधी तरी वाचलं होतं, पटलं ते पहाटे ड्यूटीवरून परतताना. डिसेंबरात ज्या वळणावर तांबडं फुटलेलं दिसायचं, तिथे आता काळोख असतो.

त्या काळोखात वळण घेतलं की आमची खिडकी दिसते. आई पाचला उठते आणि आधी माळेचं बटण दाबते, मग चूळ भरते. मी तिला कधी सांगितलेलं नाही तसं करायला. पाय दुखत असतात, डोळ्यांत चुरचुर असते, आणि तो पिवळा उजेड पाहून उरलेला रस्ता कसा सरतो ते कळत नाही.

मी स्टुलावरच उभी राहिलेली पाहून आईने विचारलं, "काढत्येस ना?"

"राहू दे ना. २ फेब्रुवारीला काढू."

ती जवळ आली, मान वर करून माळेकडे पाहत राहिली. "मग डावीकडचा तो दुसरा बल्ब नीट बसव. सारखी उघडझाप करतोय."

माळ बंद करून तो बसवला. मग बटण तिनेच दाबलं.