फुकट शिकवायलाही कागद लागतात : माझा अनुभव

पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या छोट्या कॅथलिक विद्यापीठात प्रवेश मिळाला असेल आणि तिथे 'सर्व्हिस अवर्स', म्हणजे सक्तीच्या समाजसेवेचे तास, भरायचे असतील, तर हे वाचा. निम्मं तुमच्या उपयोगासाठी लिहितेय, निम्मं माझा राग निघावा म्हणून. तो अजून पुरता निघालेला नाही.

आमचं विद्यापीठ नन्सच्या एका संघाने सुरू केलेलं, आणि लहान. इतकं लहान, की दुसऱ्या आठवड्यात डायनिंग हॉलच्या काउंटरवरच्या बाई माझं नाव न अडखळता घ्यायला लागल्या आणि एक लेक्चर चुकवलं तर प्राध्यापक संध्याकाळी जिन्यात गाठून 'बरी आहेस ना?' विचारायचे. मी कॅथलिक नाही. मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, चल म्हणून कुणी कधी मागे लागलं नाही. सेवेच्या बाबतीत मात्र सूट नाही: कोर्सला जोडलेले सत्राला वीस तास, आणि ते भरल्याशिवाय ग्रेड नाही. मला ते आवडलंही होतं. यादीतून मी शाळा सुटल्यानंतर मुलांचा गृहपाठ घेणारं एक केंद्र निवडलं. गणित शिकवायचं, आठवड्याला दोन संध्याकाळी. म्हटलं, पुढच्या सोमवारपासून जाऊ.

कसला सोमवार!

पेनसिल्व्हेनियात अठरा वर्षांखालच्या मुलांशी नियमित संबंध येणार असेल, तर बिनपगारी स्वयंसेवकालाही दाखले लागतात. राज्य पोलिसांचा गुन्हे नोंदीचा दाखला, बाल अत्याचार नोंदीचा दाखला आणि बोटांचे ठसे देऊन एफबीआयची तपासणी. सलग दहा वर्षं राज्यात राहिलेल्या स्वयंसेवकाला एफबीआयच्या तपासणीऐवजी प्रतिज्ञापत्र चालतं, पण परदेशातून आलेल्यांचा तिथे प्रश्नच येत नाही. शिवाय संस्था कॅथलिक, म्हणून डायोसीसचं (एका बिशपच्या अखत्यारीतल्या चर्चच्या विभागाचं) बाल सुरक्षेचं प्रशिक्षण वेगळं.

तपासणी नको, असं मी म्हणणार नाही. २०११ मध्ये याच राज्यात माजी फुटबॉल प्रशिक्षक सँडस्कीचं मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं आणि त्यानंतर २०१४ मध्ये कायदा कडक झाला. चर्चचं तर विचारूच नका. अमेरिकी बिशपांनी २००२ मध्ये डॅलसला मुलांच्या संरक्षणाची सनद केली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीचा, म्हणजे गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, अहवाल आला: सहा डायोसीस, तीनशेहून अधिक धर्मगुरू, अत्याचाराला बळी पडलेली हजाराहून अधिक मुलं. प्रशिक्षणात हे सगळं न लपवता सांगतात, त्याबद्दल मला आदर आहे. तेव्हा माझा राग तपासणीवर नाही. तपासणीच्या नावाखाली एका खिडकीत जे चाललं होतं त्यावर आहे.

पण आधी बाल अत्याचार नोंदीच्या फॉर्मबद्दल, कारण तो घरून निघण्यापूर्वी कळला असता तर बरं झालं असतं. त्यात १९७५ पासूनचे तुमचे सगळे पत्ते द्यायचे असतात. आणि १९७५ पासून आजवर तुमच्याबरोबर एका घरात राहिलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, नातं, सध्याचं वय. आपला जन्म त्यानंतरचा, म्हणजे जन्मापासून सगळे. आई-बाबा आणि भाऊ एवढ्यात आटोपेल असं चौकोनी कुटुंबाला वाटतं. आमच्या घरात माणसं येऊन राहायची.

आईला फोन लावला.

"अगं, संजूकाका आपल्याकडे किती दिवस होता?"

"नोकरी लागेपर्यंत होता की. वर्षभर तरी. का गं, काय केलंय त्यानं?"

"काही नाही केलं. फॉर्ममध्ये लिहायचंय. आजीचं वय किती?"

"लिही पंच्याऐंशी."

"लिही म्हणजे? खरं किती?"

"खरं तिला तरी कुठं माहितीय!"

आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचं 'सध्याचं वय' काय लिहायचं यावर आमची दहा मिनिटं गेली. शेवटी ते गेले तेव्हाचं वय टाकलं आणि पुढे सरकले. हॉस्टेलच्या रूममेटसुद्धा धरायच्या. पूर्वीच्या नावांच्या रकान्यात टोपणनावही मागतात. मी 'चिऊ' असं लिहिलं आहे, आणि ते आता पेनसिल्व्हेनिया सरकारच्या दप्तरी आहे. तर निघण्यापूर्वी घरच्यांना एकदा बसवून ही यादी करून घ्या, सालांसकट. रात्री दीडला फोनवर करण्यासारखं काम नाही ते.

एवढं असूनही तो दाखला वेळेत आला. कायद्याने चौदा दिवसांची मुदत आहे, त्यात बसला. पोलिसांचा तर चटकन आला.

अडलं ते आमच्याच कॅम्पसवर. सर्व्हिसचं काम पाहणाऱ्या कार्यालयाचं स्वतःचं एक पोर्टल आहे. वरचे दाखले त्यात चढवायचेच, शिवाय एका खासगी कंपनीकडून आणखी एक पार्श्वभूमी तपासणी करून घ्यायची. त्या फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबरचा, म्हणजे अमेरिकी सरकार देतं त्या ओळख क्रमांकाचा, रकाना. नऊ आकडे, लाल चांदणीसह. तो भरल्याशिवाय 'पुढे' हे बटण उमटतच नाही.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर नुकत्याच आलेल्याकडे हा नंबर नसतो. तो नोकरीसाठी मिळतो. कॅम्पसवर काम मिळालं, तर तिथलं पत्र आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचं पत्र घेऊन अर्ज करायचा. बिनपगारी सेवेसाठी तो देतच नाहीत. हे मी सर्व्हिस कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसाला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. हसून म्हणाला, "मग आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून नंबर घेऊन ये." आंतरराष्ट्रीय कार्यालय म्हणालं, आम्ही नंबर देत नाही, सरकार देतं, आणि तुला नोकरी नाही. परत खिडकीत. "मग त्यांच्याकडून तसं पत्र आण." पत्र आणलं. "छान आहे पत्र, पण पोर्टलमध्ये ते चढवायला जागा नाही." मग ईमेल करा म्हणे. केला. उत्तरात यंत्राने पाठवलेली ओळ आली: तुमची फाइल अपूर्ण आहे, कृपया पोर्टलवर जाऊन पूर्ण करा.

हेच चक्र पुन्हा. केंद्रावरून विचारणा, कधी येतेस, मुलं वाट पाहताहेत. सत्र पुढे चाललेलं, तास शून्य. तिकडे कॉरिडॉरमध्ये हसऱ्या विद्यार्थ्यांचं मोठं पोस्टर: 'सेवा हीच आपली ओळख'. मी रोज त्याच्याखालून जायचे आणि रोज दात-ओठ खायचे.

या काळात मिळालेला एक सल्ला मुद्दाम सांगते, कारण तो तुम्हालाही मिळेल. वरच्या वर्गातला एक जण म्हणाला, नऊ शून्यं टाक, कोण बघतंय! असलं काही करू नका. आपण व्हिसावर आहोत, आणि सही करून दिलेल्या कागदावर खोटा नंबर म्हणजे विषाची परीक्षा. पासपोर्ट नंबर तिथे कोंबायचाही सल्ला मिळाला होता. त्यात अक्षर असतं, रकाना ते घेत नाही.

शेवटी सुटका केली ती केंद्राच्या संचालिकाबाईंनी. साठीच्या पुढच्या, आणि असली प्रकरणं कोळून प्यायलेल्या. त्यांनी राज्याचा बाल अत्याचार नोंदीचा छापील फॉर्म काढला आणि सोशल सिक्युरिटी नंबरच्या सूचनेवर पेन्सिलने रेघ मारली. तिथे स्वच्छ लिहिलंय की हा नंबर देणं ऐच्छिक आहे. म्हणजे ज्या सरकारने कायदा केला त्याला माझा नंबर नसला तरी चालतो, आणि आमच्या कॅम्पसच्या पोर्टलला चालत नाही. बाईंनी त्या ओळीचा फोटो आणि माझे तिन्ही दाखले जोडून खिडकीला नाही, थेट त्या कार्यालयाच्या प्रमुखांना मेल केला, मला प्रत ठेवून. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या नावापुढे 'मंजूर' आलं. रकाना? तो लाल चांदणीसह अजून तिथेच आहे. कुणीतरी आतून हाताने टिक केली, एवढंच.

तेव्हा अडलात तर खिडकीशी वाद घालत बसू नका. जिथे सेवा करायची त्या संस्थेतल्या माणसाला मध्ये घाला. त्यांना तुमची गरज असते, आणि कायदा त्यांना खिडकीपेक्षा जास्त पाठ असतो. लहान विद्यापीठाचा हा खरा फायदा: प्रमुख म्हणजे कुणी अदृश्य व्यक्ती नसते, रांगेत तुमच्यामागे सूप घ्यायला उभी असते. हे मला आधी सुचलं असतं तर मी त्या रांगेतच विषय काढला असता.

बोटांच्या ठशांचं राहिलंच. अपॉइंटमेंट घेताना स्वयंसेवकासाठीचा कोड नीट निवडा; चुकीच्या कोडवर दिलेले ठसे बाद धरतात. आणि थंडीत जाणार असाल तर आधीचे काही दिवस रात्री हाताला क्रीम चोळा. कोरड्या बोटांच्या रेघा त्या काचेवर उमटत नाहीत. माझा उजवा अंगठा यंत्राने इतक्यांदा नाकारला, की तिथल्या मुलीने शेवटी ओला टिश्यू दिला आणि स्वतः माझं बोट धरून दाबलं.

दाखल्यांची वाट पाहताना हात बांधून बसायचंही कारण नाही. मुलांशी संबंध नसलेल्या कामांना बहुधा हे काही लागत नाही. मी तोवर फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात, गेले. डबे हातात घेऊन तारीख बघायची, शिवणीवर चेपलेला किंवा फुगलेला डबा बाजूला काढायचा, बाकीचे फळीवर लावायचे. तास तिथेही मोजले जातात. हे मला पँट्रीतल्या एका आजीबाईंनी सांगितलं. यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पैशांचंही सांभाळा. एफ-१ वर सेवा म्हणजे ज्या कामाला एरवीही कुणी पगार देत नाही असं काम. संस्थेने कौतुकाने गिफ्ट कार्ड पुढे केलं तरी आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा. मी सरळ नको म्हणाले.

केंद्रावर पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला अपूर्णांकावर रुसलेला एक पाचवीतला मुलगा आला. एक-तृतीयांश हे एक-चतुर्थांशापेक्षा मोठं कसं, चार तर तीनपेक्षा मोठे ना, यावर तो अडून बसला. कागदाच्या दोन पट्ट्या कापून, घड्या घालून शेजारी ठेवल्या, तेव्हा त्याने बराच वेळ निरखलं आणि म्हणाला, "मग आधीच कागद का नाही दाखवला कुणी?" मला त्या खिडकीची आठवण झाली, पण बोलले नाही.

हो, अजून एक. बाल अत्याचार नोंदीच्या अर्जात कारण विचारतात, तिथे 'स्वयंसेवक' हेच निवडा. तो दाखला फुकट मिळतो आणि साठ महिने चालतो. मात्र पुढे मुलांमध्ये पगारी नोकरी मिळाली तर स्वयंसेवकाचा दाखला चालत नाही, नवा काढावा लागतो, पैसे भरून. मी उन्हाळ्यात तेच करणार आहे. घरातल्या माणसांची यादी मात्र जपून ठेवली आहे, आजीचं वय पेन्सिलने लिहून.