स्टाफ बसचं मोटरहोम : टप, गळती आणि वजनाचा हिशेब

मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) करायला घेतलेली आमची जुनी बस आता पूर्ण मोकळी झाली आहे. सीटा, लगेज रॅक, आतला पत्रा, खालचा चेकर्ड प्लाय सगळं उतरवलं. राहिलाय तो सांगाडा, बाहेरचा पत्रा, काचा आणि ड्रायव्हर केबिन. मागच्या वेळी अनेकांनी विचारलं होतं की आतल्या फर्निचरचा आराखडा कधी दाखवणार. कागदावर तो तयार आहे, पण त्यावर आत्ता लिहिण्यासारखं काही नाही. जुन्या बसचं मोटरहोम करताना निम्मं काम सांगाडा आणि टप यांचंच असतं असं माझं ठाम मत झालंय, त्यामुळे आज तेच सविस्तर.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात : टाटा ७०९ च्या चेसिसवरची २६ सीटची स्टाफ बस, बॉडी बाहेर बांधलेली, लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा आणि त्यावर पत्रा. गाडी कोल्हापुरात उद्यमनगरला एका ओळखीच्या शेडमध्ये उभी आहे. हात तिघांचे : मी, दाजी आणि ज्यांची उभी हयात बस बांधण्यात गेली ते मिस्त्री.

प्लाय काढल्यावर खालच्या आडव्या चॅनलला वायर ब्रश मारला. वरून रंग चांगला दिसत होता. मी खिडकीच्या खांबाकडे बघत होतो, तर मिस्त्री म्हणाले, "साहेब, वरनं बघू नका, खालनं बघा. पाणी खाली जाऊन बसतंय." खांब जिथे खालच्या पाइपला मिळतो तिथे त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तळव्याने नुसता दाबला. टोक सरळ आत गेलं, आतून ओलसर तपकिरी भुगा बाहेर आला. खिडकीच्या काचेच्या खालच्या रबरातून झिरपलेलं पाणी खांबाच्या पोकळीतून उतरतं, तळाशी साचतं आणि पाइप आतून बाहेर कुजतो. रंगाचा पापुद्रा मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतो. त्यामुळे जुनी बस बघायला जाणाऱ्यांनो, बाहेरच्या रंगावर वेळ घालवू नका. हातोडीच्या दांड्याने प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी ठोकत चला. चांगला पाइप वाजतो, कुजलेला बद्द बोलतो.

डाव्या बाजूचे मागचे खांब सर्वांत वाईट निघाले. कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पाइप घातला. जोडाच्या आत लहान पाइपचा तुकडा सरकवून मग वेल्डिंग केलं, म्हणजे सगळा भार नुसत्या वेल्डिंगवर येत नाही. वेल्डिंगनंतर झिंक प्रायमर, त्यावर रंग. पाइपच्या आतल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) फवारलं आणि तळाला पाणी निघून जायला छोटी भोकं ठेवली. ही भोकं मूळ बॉडीत नव्हती. असती तर हे खांब आणखी बरीच वर्षं टिकले असते.

आता टप. कोल्हापूरच्या पावसात उभी राहणारी गाडी, त्यामुळे गळती शोधल्याशिवाय आत काहीही चढवायचं नाही हे आधीच ठरलं होतं. पद्धत सोपी आहे. दाजी वर पाण्याचा पाइप घेऊन, मी आत खडू आणि टॉर्च घेऊन. पाणी खालून वर न्यायचं : आधी खिडक्या, मग टपाची कड, सगळ्यात शेवटी मधला भाग. एकदम वरून पाणी सोडलं तर ते कुठूनही वाहत येतं आणि भोक नेमकं कुठे आहे ते कळत नाही. थेंब दिसला की खडूने गोल. बहुतेक गोल दोनच ठिकाणी जमले : पत्र्याच्या जोडावरच्या रिव्हेटपाशी आणि जुन्या टपावरच्या कॅरियरच्या पायांपाशी.

त्या जोडांत पूर्वी कुणीतरी लांबी (पुट्टी) भरली होती. लांबी कडक होते, बस मात्र चालताना सतत पिळली जाते, म्हणून ती तडकते आणि तड्यांतून पाणी आत घेते. आम्ही सगळी खरवडून काढली, सैल रिव्हेट ड्रिलने उडवून नवे मारले आणि जोडांवर पॉलियुरेथेन सीलंट दिलं. सिलिकॉन वापरू नका असं आवर्जून सांगेन. त्यावर रंग धरत नाही, आणि एकदा ते पत्र्याला लागलं की पुढे दुसरं कोणतंही सीलंट तिथे नीट चिकटत नाही. कॅरियर कायमचा काढून टाकला. वर सोलर पॅनल येणार आहेत, पण त्यांच्या ब्रॅकेटचे बोल्ट थेट टपाच्या आडव्या पाइपमध्येच जातील, नुसत्या पत्र्यात एकही नाही. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे आणि पाइप लोखंडाचा, म्हणून मध्ये रबराची पट्टी. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

उष्णतेचा विचारही टपापासूनच सुरू होतो. आपल्याकडे बहुतेक वर्षभर ऊन डोक्यावर असतं. टप पांढरा केला. दिसायला छान हे एक, पण खरं कारण वेगळं : आतल्या बाजूला २५ मिलिमीटरची एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम) लावतोय आणि ती ७५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. गडद रंगाचा पत्रा मे महिन्यात त्या तापमानाच्या जवळ जाऊ शकतो. साधं थर्माकोल स्वस्त पडतं, पण चालत्या गाडीत ते घासून करकरतं, दाणे सुटतात आणि पाणीही जास्त धरतं. एक्सपीएस पाइपांच्या मधल्या खणांत बसते. उरतात ते पाइप, आणि लोखंड उष्णता झपाट्याने आत आणतं. म्हणून पाइपांसकट सगळ्यावर ९ मिलिमीटरची नायट्राइल रबर शीट आणि त्याखाली एसीपीचं (ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या पातळ पॅनलचं) छत. डोक्यावरची उंची यात जेमतेम अर्धा इंच गेली. एक्सपीएस पेट घेते हे विसरून चालणार नाही. वायरिंग तिच्यातून नेलेलं नाही. सगळ्या वायर कंड्युटमधून (वायरच्या नळीतून), आतल्या बाजूने, कधीही उघडून बघता येतील अशा.

वजन हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मोकळी गाडी वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं चढवली, मग पूर्ण गाडी. पुढे १,७२० किलो, एकूण ३,९६०, म्हणजे मागे २,२४०. बसच्या बॉडीचा हिशेब करताना एका प्रवाशाचं वजन ६८ किलो धरतात. २६ प्रवाशांचे १,७६८ झाले, म्हणजे एवढा भार धरूनच ही बस बांधलेली. त्यात सीटांचं वजन वेगळंच. तेवढं सगळं वापरायचं नाही असं आम्ही ठरवलं : पाणी, सामान आणि चार माणसं धरून १,४०० किलोच्या आत.

ही मर्यादा एकदा भिंतीवर लिहिली की बाजारात हात आपोआप आखडतो. १९ मिलिमीटर मरीन प्लायचा आठ बाय चारचा एक बोर्ड ३५ ते ४० किलोचा असतो. सुतार सवयीने तोच सुचवतो. आम्ही पलंगाच्या चौकटी ॲल्युमिनियम सेक्शनच्या करतोय आणि प्लाय १२ मिलिमीटर, तोही जिथे माणूस बसणार-झोपणार तिथेच. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २०० ॲम्पिअर-अवर, म्हणजे अडीच युनिटांपेक्षा थोडी जास्त. वजन पंचवीस किलोच्या आसपास. तेवढीच वापरता येणारी वीज ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्यांतून घ्यायची तर १५० ॲम्पिअर-अवरच्या निदान दोन लागतील आणि वजन शंभरच्या वर जाईल.

जड वस्तू कुठे ठेवायच्या यावर दाजींचा आणि माझा बराच खल झाला. त्यांना पाण्याची टाकी मागे डिकीत हवी होती, कारण भरायला सोपी. पण मागच्या ॲक्सलच्या पलीकडे वजन टाकलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि घाटात वळणावर स्टिअरिंग हलकं पडलेलं कुणालाच नको असतं. दीडशे लिटरची टाकी आता दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, उजव्या बाजूला. ओटा आणि फ्रिज डावीकडे, त्याला तोल म्हणून.

स्वयंपाक गॅसवरच. इंडक्शनचे २,००० वॉट बारा व्होल्टच्या बाजूने १७०-१८० ॲम्पिअर ओढतात, एवढ्या जाड केबलचा खटाटोप मला करायचा नाही. पाच किलोच्या सिलिंडरला आतून पूर्ण बंद, फक्त बाहेरून उघडणारा कप्पा केला आहे आणि त्याच्या तळाला जाळी आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो. जाळी वर ठेवून काही उपयोग नाही.

कागदपत्रांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : आरसीवर जे नोंदलंय त्याच्याशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, ते एकदा वाचाच. आम्ही बाहेरच्या मापांना कुठेही हात लावलेला नाही. आराखडा आणि वजनाचा तक्ता जोडून अर्ज दिलाय आणि परवानगी येईपर्यंत एकही नवी सीट किंवा पलंग कायमचा बोल्ट करणार नाही. प्रवासात बसायच्या चार सीटा मूळ जागी, मूळ अँकरवरच परत बसतील, बेल्टसह. चालत्या गाडीत पलंगावर कुणीही झोपायचं नाही, हे घरात आत्ताच सांगून ठेवलंय.

पुढचं काम छताच्या पंख्याचं. १४ बाय १४ इंचाचं भोक टपात पाडायचं आहे. जागा पलंगाच्या वर की ओट्याच्या वर, यावर अजून एकमत नाही. ओट्याच्या वर घेतला तर वाफ आणि फोडणीचा वास लगेच बाहेर जाईल. पलंगाच्या वर घेतला तर रात्री मागच्या खिडकीतून ओढलेली हवा थेट अंगावरून जाईल. मी पलंगाच्या बाजूचा आहे, मिस्त्री ओट्याच्या. ज्यांनी एकच पंखा बसवून एखादा उन्हाळा काढलाय त्यांनी आपली जागा आणि खिडक्यांची रचना कळवा. पत्रा कापायच्या आधी मला ते हवंय.