सुरक्षित जागी ठेवले आहे

कुरिअरवाल्यांच्या लेखी सुरक्षित जागा कुठकुठल्या असतात, याचा कुणीतरी एकदा नकाशा काढायला हवा. चपलांच्या स्टँडमागे, कुंडीच्या आड, विजेच्या मीटरच्या कपाटात, जिन्याखालच्या तुटक्या खुर्चीवर. पायपुसण्याखाली ठेवलेलं पार्सलही मी पाहिलंय. खोका चांगला वीतभर उंच आणि पायपुसणं त्याच्यावर झुलीसारखं पांघरलेलं. इथे काहीतरी लपवलंय हे जिन्यातून जाणाऱ्या कुणालाही कळावं, इतकी चोख व्यवस्था. दोन जागा मात्र लपवायला खरोखर उत्तम. एक म्हणजे आग विझवायचा पाइप ज्यात गुंडाळून ठेवतात ती लाल पेटी आणि दुसरा कचऱ्याचा डबा. पेटीत खोका कोंबला की ऐन वेळी पाइप निघायचा नाही. आणि डब्यात ठेवलं, तर कचरा उचलणारे आपलं काम इमानेइतबारे करतात.

पूर्वी सही लागायची. पेन चालायचं नाही, मग ते कागदावर गोल गोल फिरवून बघायचं, पण तेवढ्यात वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जायची. २०२० साली करोनामुळे अनेक कंपन्यांनी सही घेणं थांबवलं. खोका दाराशी ठेवा, फोटो काढा, निघा. साथ ओसरली, फोटो राहिला.

हा फोटो एकदा नीट बघावा. त्यात खोका असतो, दोन-चार फरश्या असतात, कुठल्याशा दाराचा खालचा वीतभर भाग असतो आणि फोटो काढणाऱ्याच्या बुटाचं टोक असतं. घराचा नंबर नाही, नावाची पाटी नाही. मग आपण फरशीच्या नक्षीवरून घर शोधायला निघतो. मोबाइल हातात, मान खाली, एकेका दारापाशी थांबत, वाकून उंबरा न्याहाळत. त्या अवस्थेत कुणी पाहिलं तर पार्सलचोर आपणच ठरू. तक्रारीसाठी फोन लावावा, तर पलीकडचा आवाज अतिशय नम्र. ‘सर, सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दिसतंय. घरात कुणी घेतलंय का, एकदा विचारून बघता का?’ घरात मी एकटाच असलो तरी विचारून बघावं लागतं.

बरं, चोरच यायला हवा असंही नाही. पाऊस येतो, ऊन येतं, कुत्रं येतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. ते भर दुपारी उन्हातल्या पायरीवर पडून राहिलं, तर खोका जागच्या जागी सापडूनही उपयोग नसतो. फोटोत मात्र सगळं छान दिसतं.

जिना चढून येणाऱ्या पोरावर मला फारसं चिडता येत नाही. बऱ्याच ठिकाणी पैसे पोचलेल्या पार्सलमागे मिळतात, त्यामुळे दार बंद म्हणून परत न्यायचं तर ती फेरी त्याच्या खिशातून. रस्ता मशीन आखून देतं, वेळ मशीन मोजतं. बेल वाजवून अर्धा मिनिट थांबायची चैन त्याला परवडत नाही. हात झटकलेले असतात ते वर कुठेतरी, थंड खोलीत बसून हे हिशेब मांडणाऱ्यांनी.

ब्रिटनने ही गोष्ट कायद्यातच लिहून टाकली आहे. तिथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल ग्राहकाच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. म्हणजे भांडायचं विकणाऱ्याशी, कुरिअर कंपनीच्या मागे धावत बसायचं नाही. मला हे फार आवडलं. पण पाचर आहेच. ‘मी नसलो तर गॅरेजमध्ये ठेवा’ असं आपणच लिहून दिलं असेल, तर पुढचा वाद अवघड होतो. म्हणून सूचनांच्या त्या निरुपद्रवी रकान्यात काहीही खरडण्याआधी मी आता जरा थांबतो.

दारावर कॅमेरा लावा, हा सल्ला सगळेच देतात. कॅमेरा चोरी थांबवत नाही, ती स्वच्छ दाखवतो. नासात काम केलेला मार्क रोबर नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर याच्या पुढे गेला. २०१८ मध्ये त्याने असा खोका बनवला, की उघडणाऱ्यावर चमकीचा फवारा उडावा आणि वर दुर्गंधीही सुटावी. व्हिडिओ जगभर पाहिला गेला. मग उघड झालं, की त्यातले काही चोर खरे नव्हतेच. चोरांचा एवढा सुळसुळाट असताना खोटे चोर का आणावे लागले, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मी तूर्त शेजारच्या काकूंचं नाव देऊन ठेवलंय. त्यांच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. सही करतात, खोका हलवून बघतात, फुटलेला वाटला तर त्या पोराला तिथेच उभा करतात. फक्त पाठवणाऱ्याचं नावही वाचतात. परवा खोका माझ्या हातात देताना म्हणाल्या, ‘गुडघ्याचा पट्टा दिसतोय. डॉक्टरांना दाखवलंस का?’