म्युझियममधलं दुपारचं भाषण आणि तो १४ नंबर

भाषण एकूण ३० मिनिटांचं आणि त्यातल्या एका फोटोसाठी माझे साडेपाच आठवडे गेले, हे आधीच सांगते म्हणजे पुढे माझा सूर का चढलाय ते कळेल.

एका म्युझियममध्ये महिन्यातून एकदा जेवणाच्या सुट्टीत प्रादेशिक इतिहासावर भाषण असतं, कोणीही यावं. मी ऐकायला जायचे, मग वाटलं आपणच द्यावं. विषय दिला, मोडी कागदांवरच्या तारखा कशा वाचायच्या. अर्ज, गोषवारा, फोनवरच्या गप्पा, सगळं पटापट झालं.

घोडं पेंड खाल्लं ते फोटोपाशी. त्यांच्याच गॅलरीत काचेखाली एक पत्र आहे, मला तेच हवं होतं. लोक समोर उभे राहून मोबाइलवर त्याचे फोटो काढतात, फ्लॅश मारला तरच ओरडा बसतो, पण तोच फोटो त्यांच्याच हॉलमध्ये पडद्यावर दाखवायचा तर लेखी परवानगी! बरं माझा मोबाइलचा फोटो कामाचाही नव्हता, जुन्या कागदाला उजेड सोसत नाही म्हणून तिथे दिवे ५० लक्सच्या आसपास, अक्षरं सगळी दाणेदार. म्हणून स्कॅन, म्हणून फॉर्म, आणि फॉर्मवर रकाना: अ‍ॅक्सेशन नंबर. लेबलवर १४ होतं, मी १४ लिहिलं.

बारा दिवसांनी फॉर्म परत. ‘क्रमांक जुळत नाही.’ बास, कोणाला विचारायचं तेही नाही. गेले, तर कळलं १४ हा त्या शोकेसमधला अनुक्रमांक. अ‍ॅक्सेशन नंबर म्हणजे वस्तू संग्रहात दाखल झाली तेव्हा रजिस्टरात पडलेला, तो लेबलवर असेलच असं नाही, आणि कागदावर असला तर मागच्या बाजूला पेन्सिलीने, म्हणजे मी बघणार कुठून? ऑफिस म्हणालं स्टोअरला विचारा, स्टोअर म्हणालं ऑफिसची चिठ्ठी आणा, चिठ्ठी आणली तर रजिस्टरवाले रजेवर. तिसऱ्या खेपेला भेटले. कापडी बांधणीचं जाडजूड रजिस्टर, बोट एकेका ओळीवरून खाली, ‘पत्र’ कुठेच नाही. मी म्हटलं, काका, ‘कागद’ म्हणून बघता का? ‘अहो मॅडम, पत्र असतं तर पत्रच लिहिलं असतं ना.’ तरी बघितलं त्यांनी. चार पानं मागे एक नोंद: ‘मोडी कागद, १, कडा फाटलेला.’ हेच ते! लेबलवर ऐटीत ‘अठराव्या शतकातील पत्र’ आणि रजिस्टरात फाटका कागद. मला तिथे जो आनंद झाला तो भाषणाच्या टाळ्यांनीही झाला नाही, खरंच.

परवानगी आली भाषणाच्या आदल्या संध्याकाळी.

तर कोणी भाषण देणार असाल तर विषय ठरायच्या आधीच अ‍ॅक्सेशन नंबर मागा, आणि वस्तू रजिस्टरात कुठल्या नावाने असेल याचे दोन-तीन पर्याय डोक्यात ठेवा. आणि ३० मिनिटं म्हणजे २० धरा, ओळख करून देणारे ५ घेतात, उशिरा येणारे उरलेले खातात, शिवाय लोकांना कामावर परत जायचं असतं.

त्या कागदावर साल होतं ‘सलास अशरीन मया अलफ’. अरबी आकडे, एककापासून उलटे: ३, २०, १००, १०००, म्हणजे ११२३. हा शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांवरची कालगणना, मृग लागला की बदलतो. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, म्हणजे १७२२-२३. मी अरबी अंकांची एक पट्टी छापून वाटली आणि लोकांना स्वतःच साल काढायला लावलं. निम्म्यांचं ११२३ इसवी सन आलं, मिळवायचं विसरले, पण हॉल जागा राहिला. पट्टी जरूर वाटा, पडद्यावरचं मागच्या रांगेला दिसत नाही.

हां, आणि लॅपटॉपचा अ‍ॅडाप्टर आपला न्या. त्यांच्याकडचा होता, पण तो स्टोअरमध्ये होता आणि मी परत चिठ्ठी आणायला जाणार नव्हते.